महमुदाबी कोणावर अवलंबून?

ऊनाला लीड्सच्या एका इस्पितळात नोकरी लागली, तेव्हा सगळ्यांत जास्त जळफळाट जॅनेटचा झाला. दोघी बहरीनमध्ये, मनामात एकाच वॉर्डात नर्स होत्या. जॅनेट इंग्लंडची, ऊना आयर्लंडची. जॅनेटचा नवरा सुयोग चिपळूणचा, आणि ऊनाचा नवरा तौकीर दापोलीकडचा. जॅनेट कित्येक महिने सुयोगला माहेरी न्यायच्या खटपटीत होती. फी भरून झाली, पगाराचे कागद देऊन झाले, लग्नाचे फोटोही दाखवून झाले, तरी व्हिसाचा पत्ता नव्हता. आणि ऊनाला मात्र ब्रिटिश वकिलातीत सांगितलं, तुमच्या नवऱ्याला परवाना मिळेल, फी नाही.

"माझाच देश आणि मलाच थांबायला लावतात?" जॅनेट कडाडली.

ब्रिटन तेव्हा युरोपीय संघात होतं, आणि कायदाच तसा होता. युरोपातल्या एका देशाचा माणूस दुसऱ्या देशात कामाला निघाला, तर बायको किंवा नवरा सोबत नेण्याचा त्याला हक्क. आपल्याच देशात परतणाऱ्याला मात्र त्या देशाचे स्वतःचे नियम, आणि ते कडक. ऊना आयरिश असल्यामुळे इंग्लंड तिच्यासाठी परदेश, म्हणून सोपं. जॅनेटसाठी ते घर, म्हणून अवघड.

"ठीक आहे," जॅनेट म्हणाली, "मी आयर्लंडमध्ये नोकरी शोधते." आणि तिने खरोखरच डब्लिनच्या जाहिराती मागवल्या.

तौकीर सलमाबादला एसीची हवा नेणाऱ्या पत्र्याच्या डक्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये फोरमन होता. त्याला स्वतःच्या परवान्याची काळजी नव्हती. काळजी होती आईची. वडील गेल्यापासून महमुदाबी त्याच्या व्हिसावर बहरीनला, उम्म अल हस्समच्या फ्लॅटमध्ये राहत होत्या. तौकीरची नोकरी सुटली की त्यांचाही व्हिसा खलास.

"अम्मालापण नेता येईल," ऊना म्हणाली. वकिलातीतून ती माहिती घेऊन आली होती. मराठी ती सासूकडून शिकली होती, त्यामुळे तिच्या बोलण्यात दापोलीचा हेल होता. "नवऱ्याची आई चालते. फकत ती आपल्यावर अवलंबून पायजे."

स्वयंपाकघरात पापलेटला मसाला लावणारा हात थांबला.

"कोण कोणावर अवलंबून?" महमुदाबींनी विचारलं.

"तू आमच्यावर, अम्मा," तौकीर म्हणाला. "नुसतं सांगायचं."

"मी?" त्या मसाल्याच्या हातानेच बाहेर आल्या. "तुला शर्टाचं बटण लावता येत नाही. हिला चहात साखर किती ते अजून मला विचारावं लागतं. आणि अवलंबून मी? जाते मी गावाला. तिथे कोणी असलं काही विचारत नाही."

तौकीरने मामूंना फोन केला. नजीबमामू महमुदाबींचे धाकटे भाऊ, मनामाच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. कोणतीही वकिलात कशी फिरवायची ते आपल्याला ठाऊक आहे, असा त्यांचा समज होता. ते संध्याकाळी आले आणि दिवाणखान्यात तालीम सुरू झाली.

"बुबू, आधी पाठीत वाकायचं," मामू म्हणाले. मोठ्या बहिणीला ते बुबू म्हणत. "मग हळू आवाजात, साहेब, पोराशिवाय मला कोणी नाही. आणि मध्ये मध्ये खोकायचं."

"मला खोकला नाही."

"म्हणून तर तालीम!"

"खोकणारी बाई कोण आत घेईल? क्षयरोगी म्हणून हाकलून देतील."

मामू विचारात पडले. मग म्हणाले, "बरं, खोकू नकोस. लंगड."

महमुदाबी लंगडल्या नाहीत. मुलाखतीच्या दिवशी त्यांनी ठेवणीतली जांभळी रेशमी ओढणी काढली, डोळ्यांत सुरमा घातला, आणि नारळाच्या वड्यांचा डबा काखेत घेतला. "कोणाच्या दारात रिकाम्या हाताने जात नाहीत," त्या म्हणाल्या. मामूंनी कपाळाला हात लावला. "ही तर वरमाय दिसते," ते कुजबुजले. गाडीत सगळा रस्ताभर ऊनाने सासूचा हात धरून ठेवला होता, आणि महमुदाबींनीही तो सोडवून घेतला नाही.

मुलाखतीला एकटीनेच आत जायचं होतं. तौकीर, ऊना आणि मामू बाहेर बाकावर बसले. आत एक टक्कल पडलेला गोरा अधिकारी आणि विशाखा नावाची पुण्याची दुभाषी. अधिकाऱ्याने डबा बघून मान हलवली, भेटवस्तू घेता येत नाही. विशाखाने ते सांगितलं.

"भेट कसली पोरी? खायला आहे. त्याला सांग, वाळलाय किती तो!"

विशाखाने पहिलं वाक्य भाषांतरित केलं आणि दुसरं गिळलं.

"तुमची देखभाल कोण करतं?" पहिला प्रश्न आला.

"अल्ला."

अधिकाऱ्याने पेन थांबवलं. "आणि त्याच्यानंतर?"

"मी."

"स्वयंपाक?"

"मी."

"आजारी पडलात तर?"

"पडत नाही. पडायला वेळ कुठे आहे? सून रात्रपाळी करून येते, तिला गरम भाकरी कोण देणार? मुलगा वर्कशॉपवरून येतो तो डोक्यापासून पायापर्यंत पत्र्याच्या धुळीत."

अधिकारी सावकाश म्हणाला, "म्हणजे ते दोघं तुमच्यावर अवलंबून आहेत?"

"दोघंही माझ्यावर!" महमुदाबींचा आवाज इतका चढला, की बाहेर बाकावर बसलेल्या तौकीरने डोकं धरलं. "गेलं," तो म्हणाला. "आता आपल्या दोघांना अम्माच्या व्हिसावर जावं लागेल."

"मी सांगितलं होतं, लंगड म्हणून," मामू म्हणाले.

आत अधिकाऱ्याने चष्मा काढून पुसला. सुनेवर आणि मुलावर अवलंबून असलेल्या आईसाठी नियम होता. आईवर अवलंबून असलेल्या मुलासुनेसाठी नव्हता. त्याने जरा वेगळ्या वाटेने जायचं ठरवलं.

"घराचं भाडं कोण देतं?"

"तौकीर."

"बाजार, औषध, विमानाचं तिकीट?"

"तौकीर, नाहीतर ऊना. दुसरं कोण देणार?"

"पण मग तुम्ही त्यांच्यावर अवलंबून आहात."

महमुदाबींनी विशाखाकडे बघितलं, जणू तिनेच भाषांतरात चूक केली होती. "मुलगा आईला जेवू घालतो, त्याला यांच्यात अवलंबून म्हणतात? आमच्यात त्याला मुलगा म्हणतात."

विशाखाने हे शब्दशः सांगितलं. अधिकारी पहिल्यांदाच हसला. मग विचारलं, "ते दोघं लीड्सला गेले आणि तुम्ही गावाला, तर तिथे कोण आहे?"

महमुदाबी बोलायला गेल्या आणि थांबल्या. गावात घर होतं, पण कुलपातलं. मागच्या खेपेला त्या एकट्याच गेल्या होत्या. पहिल्याच सकाळी सवयीने तिघांच्या भाकऱ्या थापल्या, आणि मग शेजारच्या कोंबड्यांना टाकल्या. दुपारी कोणीतरी चप्पल घरात घालून येईल आणि आपण ओरडू, म्हणून त्या दाराकडे बघत बसल्या होत्या. कोणी आलं नव्हतं.

"तिकडे ओरडायला कोणी नाही," त्या हळूच म्हणाल्या.

विशाखाला या वाक्याचं इंग्रजी करायला जरा वेळ लागला.

"म्हणजे तुम्हाला त्यांची गरज आहे," अधिकारी म्हणाला.

"आहे," महमुदाबी म्हणाल्या. ओढणीचं टोक त्यांनी नाकाशी नेलं. मग मान वर करून दाराकडे बघितलं. "पण बाहेर त्या दोघांना सांगू नका. लेकरं शेफारतील."

"नाही सांगत," अधिकाऱ्याने कबूल केलं आणि कागदावर सही केली.

बाहेर येताना महमुदाबींचा चेहरा अगदी कोरा होता. "काय झालं अम्मा?" ऊना उभी राहिली.

"काय व्हायचंय? तो म्हणाला, यांना एकट्याने पाठवलं तर उपाशी मरतील, तुम्ही सोबत जा."

मामूंनी लगेच वडीचा डबा उघडला. "बघ, वाकून बसलीस म्हणूनच काम झालं," ते तोंड भरून म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांना कोणी दुरुस्त केलं नाही.

सप्टेंबरात तिघं लंडनच्या विमानतळावर उतरली. युरोपीय नागरिकांसाठी वेगळी रांग होती, जवळजवळ रिकामी. कुटुंबालाही तिथूनच जायचं, म्हणून ऊना दोघांना घेऊन पुढे निघाली. पलीकडच्या लांबलचक रांगेत महमुदाबींच्या वयाची एक साडीवाली बाई पिशवी सांभाळत ताटकळत होती. तिने या तिघांकडे, विशेषतः पुढे चाललेल्या लाल केसांच्या पोरीकडे, टक लावून बघितलं.

महमुदाबी थांबल्या, दोरीवरून वाकल्या आणि तिला सल्ला दिला, "बहेन, लडके के लिए आयरिश बहू ढूंढो. लाइन नहीं लगती!"

"अम्मा, चल गो!" ऊना ओरडली.

"आले, आले," महमुदाबी म्हणाल्या, आणि लगबगीने सुनेच्या मागे गेल्या.