सांगोवांगीची वाइन

दोन वर्षांपूर्वीच्या तापात मास्तरांचं नाक कामातून गेलं. ताप उतरला, वास काही परतला नाही. चाळीस वर्षं भूगोल शिकवलेले मास्तर आता चहा ओळखायचे तो रंगावरून. जेवायला बसले की चार घास ढकलायचे आणि उठायचे. बायको ते रोज बघायची. एके सकाळी मात्र तिनं त्यांच्यापुढे बसची दोन तिकिटं ठेवली.

"द्राक्षांच्या खोऱ्यांत जाऊन येऊ. नकाशावर बोट फिरवण्यात जन्म गेला तुमचा. आता डोळ्यांनी बघा."

"आणि तिथली वाइन? मला काय कळणार तिच्यातलं? गाढवाला गुळाची चव काय."

"मी आहे ना," ती म्हणाली. "वास मी घेईन, तुम्हाला सांगेन."

दोन खोरी ते फिरले. पहिल्या खोऱ्यात धुकं इतकं दाट, की वेलींच्या रांगा त्यातूनच निघायच्या आणि त्यातच विरायच्या. बस चालत नाही, तरंगते आहे असं मास्तरांना वाटलं. दुसऱ्यात नदी होती, पाटीसारख्या काळ्या दगडांचे उतार होते. तिथल्या तळघरात मळ्याच्या मालकीणबाई पिंपांच्या ओळींमधून पुढे चालत होत्या, पेल्यात दोन बोटं वाइन ओतत होत्या. बायकोनं पेला हलवला, डोळे मिटले आणि मास्तरांच्या कानाशी ती हळूच बोलू लागली.

"ओल्या दगडाचा वास. मग पेअरचा. आणि आमच्या आईच्या कपाटाचा."

"कपाटाला कसला वास?"

"लोकरीचा, साबणाचा. लहानपणी रुसले की मी त्यात जाऊन बसायची. आईला ठाऊक असायचं, पण शोधायला ती मुद्दाम उशीर करायची."

पस्तीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट मास्तरांच्या कानावर आली नव्हती. त्यांनी घोट घेतला. जिभेला आंबटपणा तेवढा कळला, पण त्या कपाटाचं दार मात्र किलकिलं झालेलं दिसलं.

येताना त्यांनी सहा बाटल्या आणल्या. रविवारी दुपारी खिडकीशी दोन खुर्च्या ओढायच्या, बूच काढायचं आणि तिनं सांगायचं. एका घोटातून तिचा पहिला पगार निघाला, दुसऱ्यातून धाकट्या भावाशी धरलेला अबोला. ऊन फरशीवरून सरकत भिंतीवर चढायचं, तरी दोघं उठायची नाहीत. वाइन सांगोवांगीची, पण मास्तरांना ती चढायची.

मग एका रविवारी पेला तोंडाशी नेताना त्यांना लिंबाच्या सालीचा वास आला. पुसट, पण खरा. मास्तर मूग गिळून बसले.

"आज काय आहे गं हिच्यात?" त्यांनी साळसूदपणे विचारलं.

पुढचे दोन रविवारही तसेच गेले. मग बुधवारी आतल्या खोलीतून वाचता वाचता ते ओरडले, "अगं, दूध करपतंय."

तिनं गॅस बंद केला आणि ती दारात येऊन उभी राहिली.

"कधीपासून?"

"तीन रविवार," मास्तर खाली बघत म्हणाले. "म्हटलं, तुला कळलं तर तुझं सांगणं थांबेल."

तिचे डोळे भरून आले. "लबाड कुठले," म्हणत तिनं ते हातानंच पुसले आणि रविवारची वाट न बघता नवी बाटली उघडली. पेला त्यांच्या हाती देऊन ती डोळे मिटून बसली.

"आता पाळी तुमची."

मास्तरांनी बराच वेळ वास घेतला.

"खडूचा," ते म्हणाले. "आणि शाळेच्या जिन्याचा. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी त्या जिन्यात घाबरून उभा होतो. वर्गात जायची हिंमतच होईना. तुला कधी सांगितलं नाही."

"नाही," ती डोळे न उघडता म्हणाली. "मग वर कसे गेलात?"