बेचाळीस खिसे आणि एक साबणदाणी

मी नववीच्या वर्गात दाराशेजारी खिळ्याला टांगलेली पिशवी बोलतेय. पिशवी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे भाजी येईल, पण मी तसली नाही. मला बेचाळीस खिसे आहेत आणि प्रत्येकावर पांढऱ्या दोऱ्याने हजेरीचा नंबर काढलाय. एवढे खिसे असलेलं दुसरं कोणी तुमच्या पाहण्यात असेल तर मला जरूर कळवा.

खरं तर माझा जन्म चपलांसाठी झाला. शिवणवाल्या काकूंनी पडद्याच्या उरलेल्या जाड कापडातून मला एका मोठ्या कुटुंबासाठी शिवलं. ते कुटुंब मला न नेताच दुसरीकडे राहायला गेलं, आणि मी दुकानाच्या कोपऱ्यात धूळ खात बसले. एक दिवस ड्रेसची उंची कमी करून घ्यायला नववीच्या वर्गबाई आल्या. मला पाहून म्हणाल्या, "काकू, हिला नंबर घालून द्या. माझ्या वर्गात बरोबर बेचाळीस आहेत."

शाळेचा नियम असा होता: मुलं लांबून येतात, तेव्हा फोन आणायला हरकत नाही, पण वर्गात हातात दिसता कामा नये. घंटेआधी तो आपापल्या नंबरच्या खिशात ठेवायचा आणि शाळा सुटताना न्यायचा. बाई रोज सकाळी टेबलापाशी उभ्या राहून, लांबूनच फूटपट्टी रोखून माझे फुगवटे मोजायच्या. जवळ कधी आल्या नाहीत. "दुसऱ्याच्या खिशात हात घालू नये, मग तो भिंतीवरचा का असेना," असं त्यांचं मत. पुढचं सगळं घडलं ते बाईंच्या या सभ्यपणामुळे.

मला वजनावरून सगळं कळतं. फोन उबदार असतो, अधूनमधून थरथरतो. सात नंबरचा रोज अकराला थरथरायचा. तो त्याच्या आईचा फोन असायचा, डबा खाल्लास का म्हणून. उचलणार नाही हे तिला ठाऊक असायचं, तरी करायची. पण पहिली परीक्षा झाली आणि थरथर कमी होत गेली. अकरा नंबरात कॅल्क्युलेटर आला. तेवीसमध्ये टीव्हीचा रिमोट आला, आणि त्या घरी दिवसभर काय शोधाशोध होत असेल देव जाणे. एकोणीस नंबरात फरशीचा तुकडा. हा एकोणीस म्हणजे ज्याचं त्याचं चित्रीकरण करणारा पोरगा; वर्गात त्याला 'डायरेक्टर' म्हणायचे. खरे फोन मोज्यांत, कंपासपेटीत नाहीतर डब्याखाली असायचे. बाई बेचाळीस फुगवटे मोजून खूश. मी सांगणार कोणाला? आणि खोटं कशाला बोलू, मला मजाच येत होती.

अठ्ठावीस नंबरात मात्र पहिल्या दिवसापासून साबणदाणीच होती. ती मुलगी अबोल, अक्षर अगदी मोत्यासारखं. मैत्रिणीला रोज विचारायची, "ग्रुपवर गृहपाठ काय आलाय गं? माझं नेट संपलंय." तिचं नेट वर्षभर संपलेलंच होतं. दुसऱ्याच्या घरात डोकावायची माझी सवय म्हणा, पण मला कळलं ते असं की, तिच्याकडे फोन नव्हताच. रिकामा खिसा रोज एक्केचाळीस जणांना दिसला असता. तेवढं झाकायला ती साबणदाणी होती.

एका दुपारी मुख्याध्यापक सर हातात कागद घेऊन वर्गात आले. 'वर्गात चित्रीकरण करणाऱ्यावर कडक कारवाई होईल.' शिपाईदादा रजेवर होते, म्हणून सरांनी स्वतःच कागदाला मागून खळ लावली आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर चढले. "आपलं काम आपण करायला शिका," असं म्हणतात न म्हणतात तोच खुर्चीचे चारही पाय चार दिशांना गेले. सर थेट केराच्या डब्यात बसले आणि कागद त्यांच्या छातीला चिकटला. ते उठले, "कोण हसलं?" असं विचारलं, आणि ती कडक कारवाई छातीवर घेऊन ताठ मानेने ऑफिसपर्यंत चालत गेले.

संध्याकाळपर्यंत या सगळ्याची क्लिप पालकांच्या ग्रुपवर पोचली होती.

दुसऱ्या दिवशी सर आले ते लालबुंद होऊन. "ज्याने हे केलंय त्याला आठ दिवस घरी बसवणार. आणि पालकांना बोलावणार."

बाई उभ्या राहिल्या. "सर, हे माझ्या वर्गाचं काम नाही. काल बेचाळीस फुगवटे मी स्वतः मोजलेत."

"फुगवटे?" सर म्हणाले. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं आणि टेबलावर उलटं केलं. माझी तर लाजच गेली. कॅल्क्युलेटर, रिमोट, फरशी, चष्म्याचं घर, खोडरबरांची थप्पी... सरांनी फरशीचा तुकडा उचलला. "बाई, हा कोणत्या कंपनीचा?"

बाईंनी हातातली फूटपट्टी गुपचूप टेबलाच्या खणात सरकवली.

मग मोज्यांतून, डब्यांतून एकेक फोन बाहेर आला. सरांनी नंबर लावून मोजले. एक कमी भरला.

"अठ्ठावीस. फोन काढ."

ती उभी राहिली. "नाहीये, सर."

"नाहीये? मग ही साबणदाणी कशाला ठेवलीस? फोन लपवायलाच ना?"

तिने ओठ मुडपले. एक वाक्य बोलली असती की सुटली असती, पण ते वाक्य सगळ्या वर्गासमोर बोलायचं होतं. त्यापेक्षा आठ दिवस घरी बसलेलं बरं, असं तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं.

बाईंनी साबणदाणी उघडली. आत झिजलेल्या साबणाची कोरडी चकती होती. बाईंनी त्या चकतीकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि झाकण हळूच लावलं.

"तिचा फोन माझ्याकडे आहे, सर. परवाच जप्त केलाय. सांगायचं राहून गेलं."

बाई खोटं बोलल्या. कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण आवाज हलला नाही. मुलीने चमकून वर पाहिलं.

"मग आधी सांगायचं ना," सर कुरकुरले. "मग काढलं कोणी?"

मघापासून डायरेक्टर मान खाली घालून बसला होता. तो उभा राहिला. "मी, सर."

"दाखव."

सरांनी क्लिप पाहिली. पुन्हा पाहिली. म्हणाले, "आवाज वाढव." तिसऱ्यांदा पाहून त्यांनी विचारलं, "मी एवढा जाड दिसतो?"

"कॅमेऱ्यामुळे, सर," डायरेक्टर म्हणाला.

आठ दिवस त्याला चुकले नाहीत. परत आल्यावर तो कागदही त्यालाच लावायला लागला, लाकडी बाकावर उभं राहून.

आता फोन ऑफिसातल्या कुलपाच्या पेटीत जातात आणि माझ्यात खडू, हरवलेली पेनं, कोणाचा तरी एकटा मोजा. सर मात्र येता-जाता दारात थांबतात. "बाई, त्या अठ्ठावीसचा फोन दिलात का परत?"

"अजून नाही, सर. शिक्षा संपायचीय."

"फार कडक बुवा तुम्ही."

वर्षाच्या शेवटच्या दिवशी ती मुलगी बाईंपाशी घुटमळली. बाई हळूच म्हणाल्या, "सर परत विचारतील गं. काय सांगू?"

"राहू दे तुमच्याकडेच, बाई," ती म्हणाली. "घरी नेला तर सारखा वाजत बसेल."

दोघी इतक्या हसल्या की मी खिळ्यावर हलले.

माझे टाके आता सुटत चाललेत. उद्या मला कुठेही टांगा, पुन्हा चपला ठेवल्यात तरी माझी ना नाही. फक्त कोणाचा खिसा चारचौघांत उलटा करू नका. त्यात काय आहे यापेक्षा काय नाही, हेच माणसं जास्त जपत असतात.