विहीर असलेली चादर

मित्रांनो, मी एक जुनी चादर आहे. परवापर्यंत एका स्कूटरच्या अंगावर पडून होते. चादरीला कसले आले आत्मवृत्त, असे तुम्हाला वाटेल. अंथरणे, झटकणे, घडी घालणे. पण निम्म्या माणसांची आत्मवृत्तेही याहून फार वेगळी नसतात, तेव्हा ऐका.

माझा जन्म गिरणीत झाला. निळे पट्टे, जाड पोत आणि कोपऱ्यावर चिठ्ठी: ‘रंग जाणार नाही.’ तो दुसऱ्याच धुण्यात गेला. तोवर मात्र मला एका घरात पाहुण्यांची चादर म्हणून मान मिळाला होता. म्हणजे कपाटात राहायचे आणि कोणी आले की ‘अहो, चांगली कशाला काढता?’ हे ऐकत बाहेर यायचे.

घरात चौघे. बाबा पाण्याचे पंप विकत. आई दवाखान्यात परिचारिका होती. थोरल्या मुलाला सगळे दादा म्हणत आणि धाकटीला बटण. शर्टाच्या बटणाएवढी, म्हणून बटण.

बाबांच्या कचेरीत दर महिन्याला सर्वांत जास्त पंप विकणाऱ्याचा फोटो भिंतीवर लागे. बाबा नेहमी दुसरे येत. दुसऱ्याचा फोटो लावायला भिंत कमी पडत असावी. एकदा मात्र पहिला नंबर नक्की आपलाच, असे समजून ते समारंभासाठी शर्टाला इस्त्री करत होते. टेबलावर मी अंथरलेली. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. नंबर पुन्हा दुसराच. बाबा फोन कानाला लावून उभे राहिले आणि इस्त्री माझ्या पोटावर बसून राहिली. बशीएवढे गोल छिद्र पडले.

आईने मला फरशी पुसायच्या कपड्यांत टाकायचे ठरवले. त्याआधी शेवटचे झटकताना तिने एक टोक बटणच्या हातात दिले. बटणचा चेंडू तिच्या काखेतून सुटला, माझ्यावर गरगरत फिरला आणि छिद्रातून खाली गेला.

“विहिरीत बुडाला!” बटण ओरडली.

बस, खेळ जन्माला आला. चार कोपरे, चार माणसे: आई, दादा, बटण आणि वरच्या मजल्यावरचे घड्याळ दुरुस्त करणारे काका. काकांकडे हल्ली घड्याळे कमी आणि वेळ भरपूर होता. चेंडू विहिरीभोवती फिरवत ठेवायचा. बुडाला की चौघांनी एकदम ‘बुडाला!’ म्हणून ओरडायचे आणि पुन्हा सुरू करायचे.

अडचण एकच. बटण बुटकी, म्हणून तिचा कोपरा खाली आणि चेंडू सतत तिच्याकडे घरंगळायचा. कोणी काही ठरवले नाही, पण एकेक जण गुडघे वाकवू लागला. दादा वाकला, आई वाकली. काका वाकले तेव्हा त्यांचे गुडघे कडकडले.

“काका, जपून हं. मी आत्ताच ड्युटीवरून आलेय,” आई म्हणाली.

“तुम्ही चेंडू बघा. माझे सुटे भाग मी गोळा करतो,” काका म्हणाले.

चार माणसे अशी अर्धवट बसून खिदळताना पाहून परक्याला वाटले असते, यांचे काहीतरी हरवले आहे. हरवले ते नंतर.

बाबा दौऱ्यावरून परतले तेव्हा खेळ रंगात आला होता. बॅग खाली न ठेवताच त्यांनी विचारले, “कोण जिंकतंय?”

“कोणीच नाही,” दादा म्हणाला.

“मग हरतंय कोण?”

“बाबा, यात हरत नाहीत. बुडतात,” बटणने समजावले.

“अहो, जरा कोपरा धरा ना, माझा हात भरून आलाय,” आई म्हणाली.

पण बाबांनी कोपरा धरला नाही. ते माझ्याकडे बिघडलेल्या पंपाकडे पाहावे तसे पाहत राहिले. बाबा वाईट नव्हते, मित्रांनो. दुसऱ्या आलेल्याकडे लोक कसे पाहतात ते त्यांना माहीत होते. आपल्या पोरांकडे तसे कोणी पाहू नये, एवढेच त्यांना हवे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शिंप्याकडे नेले आणि विहीर बुजवून आणली. लाल कापडाचे ठिगळ, भक्कम शिलाई. वर मधोमध खडूने रेघ. एका बाजूला दादा आणि बटण, दुसऱ्या बाजूला आई आणि काका. ज्यांच्या बाजूने चेंडू खाली पडेल त्यांचा गुण गेला. बाबांनी शिट्टीसुद्धा आणली होती.

पहिल्या संध्याकाळी मजा आली, हे नाकारत नाही. मग काकांच्या लक्षात आले की आपण वाकलो की चेंडू आपल्याच बाजूने पडतो. त्यांनी वाकणे सोडले. आईनेही सोडले. सगळे ताठ उभे राहिले आणि बटणचा कोपरा जिथे होता तिथेच राहिला. प्रत्येक चेंडू तिच्याच पायाशी पडू लागला.

“उंच धर ना!” दादा ओरडला.

“धरलंय. मीच एवढी आहे!”

तिला स्टुलावर उभे केले. ती चेंडूसकट खाली आली.

“बाबा, मला बटण नको,” दादा म्हणाला. “मला काका द्या.”

दुकानात जोडा बदलून मागावा तसे तो म्हणाला. आईने हातातले टोक सोडले. “मला भांडी घासायची आहेत,” ती म्हणाली. भांडी घासून झाली होती. बटण रडली नाही. तिने बाबांच्या खिशातला खडू काढला आणि म्हणाली, “मी गुण मोजते.”

“शाब्बास! कशी समजूतदार आहे बघा,” बाबा म्हणाले.

उरले दादा आणि काका. दोघांचे चौघे करायला दादाने शेजारची मुले आणली. एकदा चढाओढीत त्याने इतके जोरात खेचले की माझा कोपरा टरकन फाटला. मग मी बाबांची स्कूटर झाकायला गेले. पुढे काही वर्षे ऊन, धूळ आणि कबुतरे यांनी माझी विचारपूस केली. दादा वसतिगृहात गेला. फोनवर तो गुण सांगतो आणि फोन ठेवतो.

परवा शाळेत मुलांचे सामने होते. स्कूटर फाटकापाशी उभी होती आणि मी तिच्या सीटवर दुमडलेली. बटणच्या मैत्रिणी तिला ओढत होत्या, “चल गं, एक जण कमी आहे.” बटण आता चांगली उंच झाली आहे. ती हसून म्हणाली, “नको. मी गुण मोजते.” तिच्या हातात खडू होता. बाबा हेल्मेट काढता काढता थांबले.

घरी येताच त्यांनी दाढीचे ब्लेड घेऊन माझे ठिगळ उसवले. फाटक्या कोपऱ्याला गाठ मारली. आईला हाक मारली, काकांना वरून बोलावले. दादाचा कोपरा स्वतः धरला. बटण चौथ्या कोपऱ्याला येऊन उभी राहिली, कारण ती समजूतदार आहे.

चेंडू फिरला. विहिरीला वळसा घालून पुन्हा फिरला आणि बटणच्या बाजूने येऊन आत पडला.

“बुडाला!” काका एकटेच ओरडले.

बटणने बाबांच्या तोंडाकडे पाहिले. “सॉरी बाबा,” ती म्हणाली. “माझ्यामुळे गेला.”

बाबा चेंडू काढायला माझ्याखाली शिरले. चेंडू त्यांच्या पायाशीच होता. तरी त्यांना तो सापडायला फार वेळ लागला.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मी आज ना उद्या फरशी पुसायला जाणारच, ते बरेच दिवस राहून गेले आहे. पण तुमच्या घरात मुले काही धरून खेळत असतील, तर जिंकले कोण हे लगेच विचारू नका. एखादा कोपरा धरा. समोरचा बुटका असेल तर थोडे वाकून धरा. बाबा माझ्याखालून बाहेर आले तेव्हा वाकूनच उभे राहिले. फक्त आता बटण त्यांच्या खांद्याला लागते, त्यामुळे चेंडू सारखा त्यांच्याकडेच घरंगळत होता, आणि प्रत्येक वेळी बटण “सॉरी” म्हणत होती.