चौतिसाव्या सामन्यातली गारगोटी

मी गारगोटी बोलतेय. हरभऱ्याएवढी, एका अंगानं चपटी. मला कुणी घडवलं नाही की विकत घेतलं नाही. मिसिसिपीच्या काठी मातीत पडून होते, ती फावड्यानं उचलली, ट्रकमध्ये टाकली आणि कार्व्हर बेंड गावच्या बेसबॉल मैदानावर आणून ओतली. जन्माचं सांगायचं तर एवढंच.

पण माझ्यामुळे एका माणसाचं वाटोळं झालं. ते दोघांनाच ठाऊक होतं. एक मी आणि दुसरा मैदान राखणारा ऑर्विल त्वेट. मला बोलता येत नव्हतं. त्याला येत होतं.

ऑर्विल सव्वीस वर्षं ते मैदान राखत होता. पहिल्याच वर्षी खड्यावरून चेंडू उडाला आणि एका पोराचे पुढचे दोन दात गेले. तेव्हापासून हा गडी घमेलं घमेलं माती चाळायचा. गुडघे टेकून, बोटं फिरवून बघायचा. पाहुण्या संघाची पोरं म्हणायची, "ऑर्विलकाका, तुमच्या मातीवर तान्हं बाळ निजवावं." त्याला ते फार आवडायचं. माझ्या मातीत खडा सापडला तर गिळून दाखवीन, असं तो चारचौघांत सांगायचा.

मी कशी सुटले? त्या एप्रिलात माती आली ती गोठलेली, ढेकळांची. पहिला सामना डोक्यावर आलेला. ढेकळं फोडली, चाळायची राहिली. माणूस सव्वीस वर्षं चाळतो आणि एक दिवस चाळत नाही.

तो हंगामही तसा विसरण्यासारखा नव्हता. पहिल्या दिवशी बर्फ पडला, तो लोकांनी घरून झाडू आणून झाडला. जूनमध्ये एक सामना एवढा लांबला की मक्याच्या लाह्या विकणारी बाई सगळं संपवून घरी जाऊन जेवून परत आली, तरी खेळ चालूच. जुलैत आपल्या डावखुऱ्या गोलंदाजानं सबंध सामन्यात एक फटका बसू दिला नाही, आणि तरीही हेरन्स हरले. हेरन्स म्हणजे आपला संघ. मातीखाली पडून मी पायांचे आवाज ऐकत होते.

मग ऑगस्टमध्ये सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं, लेन डोम्बेक. तेहतीस वर्षांचा. बारा वर्षं खालच्या संघांतून बसनं फिरला, वरच्या, म्हणजे मोठ्या लीगच्या, संघात एक दिवसही खेळला नव्हता. आता मात्र तो रोज निदान एक तरी फटका मारत होता, म्हणजे समोरच्याची चूक न होता, स्वतःच्या माराच्या जोरावर धावून बेसचा टप्पा गाठत होता. लागोपाठ तेहतीस सामने झाले. आमच्या लीगचा विक्रमही तेवढाच, महायुद्धाच्या आधीचा. चौतिसावा झाला असता तर वरच्यांना त्याला सप्टेंबरात बोलवावंच लागलं असतं. त्याचं मागणं तेवढंच होतं. एक दिवस वर खेळायचं, मग मरेपर्यंत टायर बदलीन, असं तो बायकोला म्हणायचा.

चौतिसाव्या सामन्याच्या आदल्या दिवशी पाऊस झाला आणि मी वर आले. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधोमध.

लेनला तीनदा काही जमलं नाही. चौथी खेप शेवटची. त्यानं चेंडू जमिनीलगत हाणला, थेट तिथल्या क्षेत्ररक्षकाकडे. तो वाकला, हातमोजा जमिनीला टेकवला. चेंडू माझ्यावर आपटला आणि त्याच्या खांद्यावरून गेला. लेन पहिल्या बेसवर पोचला.

आता हा फलंदाजाचा फटका की क्षेत्ररक्षकाची चूक, हे अधिकृत नोंद करणारा ठरवतो. खड्यावरून उडालेला चेंडू फटकाच धरतात, नियमच आहे. आमच्याकडे नोंद करायची व्हर्ना स्टोल्प. तिखट बाई, कुणाच्या बापाला भ्यायची नाही. तिला वरच्या तिच्या जागेवरून निसटलेला चेंडू दिसला, खडा दिसला नाही. क्षेत्ररक्षक ओरडून सांगत होता की चेंडू उडाला, पण सुटलेल्या चेंडूबद्दल सगळेच तसं सांगतात. व्हर्ना म्हणाली, "ऑर्विलच्या मातीत चेंडू उडत नाही." आणि तिनं चूक लिहिली. फटका धरला नाही, म्हणजे लेनची साखळी तेहतिसावरच तुटली.

सामना संपल्यावर ऑर्विल दाताळं घेऊन आला. चेंडूचा वण बघितला, मला बघितलं. आजूबाजूला कुणी नाही हे बघितलं आणि मला खिशात टाकलं.

नोंद बदलायला चोवीस तास असतात. ते चोवीस तास मी त्याच्या खिशात काढले.

सकाळी लेन त्याच्या अवजारांच्या खोलीशी आला. झोपलेला नव्हता, आवाजावरूनच कळत होतं.

"काका, एकच विचारतो. तिथं खडाबिडा होता का?"

ऑर्विलचा हात खिशात आला. अंगठा माझ्यावर दाबला.

"माझ्या मातीत?" तो म्हणाला.

लेन गडबडला. "नाही, तसं नव्हतं म्हणायचं. चुकलं माझं, काका." माफी मागून गेला बिचारा. ज्यानं मागायला हवी होती तो उभाच राहिला.

दुपारी व्हर्ना स्वतः आली. तिनं आडपडदा ठेवला नाही. "ऑर्विल, मी तुझ्या मातीच्या भरवशावर लिहिलंय. काही असेल तर सहाच्या आत सांग, खोडते. मला खोडायची लाज नाही."

"सव्वीस वर्षं झाली, व्हर्ना."

"ते मी विचारलं नाही."

"काही नव्हतं," तो म्हणाला.

माणसं फार मोठं खोटं बोलत नाहीत. दोन शब्दांचं बोलतात. त्या दोन शब्दांना सव्वीस वर्षांचा मान होता, म्हणून व्हर्ना गेली. सहा वाजले.

वरच्या संघानं दुसऱ्याच कुणाला बोलावलं. हंगाम संपला तसं हेरन्सनी लेनला मोकळं केलं. तो पेनसिल्व्हेनियात सासऱ्याच्या टायरच्या दुकानात गेला.

ऑक्टोबरात ऑर्विलला राहवलं नाही. त्यानं मला व्हर्नाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. ती भोपळा चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"हा कधीपासून आहे तुझ्याकडं?"

"त्या दिवसापासून."

तिनं भोपळा बाजूला सारला. मग म्हणाली, "त्या पोरानं तुझी माफी मागितली होती, ऑर्विल. मला सांगत होता तो, काकांना उगाच दुखावलं म्हणून. उचल हा इथून. माझ्या घरात नको."

तिनं लीगला पत्र लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं: मुदत गेली, वही बंद झाली. लेनला लिहिलं, तर त्याच्या बायकोचं उत्तर आलं की आता कुठं तो नीट जेवायला लागलाय, पुन्हा लिहू नका. व्हर्नानं नोंदीचं काम सोडलं. तिनं ऑर्विलशी बोलणंही सोडलं, आणि ती गेली तेव्हा ते तसंच राहिलं.

एकवीस वर्षं झाली. हेरन्स कधीच उठून गेले, मैदानावर आता ट्रॅक्टर विकतात. ऑर्विल एक्याऐंशीचा आहे. विजारी बदलल्या, खिसे बदलले, मी तीच. दर रविवारी चर्चमधून निघून तो पुलावर जातो आणि मला मुठीत धरून नदीकडं बघत राहतो. मग थंडी वाजली की मला घेऊन घरी जातो.

ऑर्विल, बाबा, टाक ना रे मला. खाली माझी नदी आहे. टाकल्यानं लेनचं काही परत येणार नाही आणि तुझंही ओझं उतरणार नाही, हे मला कळतं. पण तुझ्याजवळ राहून तरी मी कुणाच्या उपयोगाची? विचारणारं आता कुणी उरलेलं नाही.