कबऱ्याला उठवणार कोण?

मी एक जुना नायट्रोजनचा जार आहे. आंधळगावच्या गुरांच्या दवाखान्यात माझी सारी हयात गेली. दिसायला मी दुधाच्या कॅनसारखा, पण पोटातल्या पातळ नायट्रोजनची थंडी अशी, की बोट घातलंत तर ते गेलंच म्हणून समजा! त्या थंडीत बारीक कांड्यांमध्ये वळूंचं बीज गोठून झोपलेलं असायचं. वळू मरून जायचा, बीज मात्र टिकायचं. गाय आली की एक कांडी कोमट पाण्यात जागी करायची, आणि पुढे गोठ्यात वासरू हुंदडायचं. माणसं माझं कौतुक करायची आणि मी फुगून जायचो.

मित्रांनो, त्यात कांड्यांची एक डबी कबऱ्याची होती. कबऱ्या म्हणजे इथलाच बुटका गावठी सांड. अशी जनावरं संपत चालली, म्हणून श्यामराव डॉक्टरांनी त्याचं बीज माझ्या हवाली केलं. पुढे कबऱ्या गेला, श्यामरावही गेले. सगळ्यांना जर्सी हवी झाली. कबऱ्याला कोणी विचारीना.

गेल्या उन्हाळ्यात घात झाला. आमच्या मनिष शिपायाला माझी दया आली. बिचारा जार तापत असेल म्हणून त्याने मला पाण्याच्या रांजणाशेजारी ओढत नेलं आणि ओलं पोतं गुंडाळलं. अरे बाबा, मी काय माठ आहे? वाटेत उंबऱ्यावर आदळून माझी आतली भिंत तडकली होती. गळ्यावर पांढरं बर्फ चढलं आणि नायट्रोजन भराभर उडू लागला.

डॉक्टर दामिनी मॅडम धावत आल्या. "मनिष, नवा जार आन लवकर!" नवा जार लहान, तोही आधीच दुसऱ्या डब्यांनी अर्धाअधिक भरलेला. सगळं त्यात मावणार नव्हतं.

मनिष घाबरून बडबडत होता. "मॅडम, मोबाईलवर पाह्यलं मी. परदेशात मेलेल्या मानसायलेबी असंच गोठवून ठेवतेत. पुढचे लोक जिवंत करतीन म्हनून!"

"करतीन कायले?" मॅडम भराभर डब्या हलवत म्हणाल्या. "ओळख ना पाळख. ज्याले कोनी विचारत नाही, त्याच्यासाठी कोन धडपडन?"

कबऱ्याची डबी त्यांनी सगळ्यात शेवटी हलवायची म्हणून मागे ठेवली. बोलता आलं असतं तर मी बोंबच ठोकली असती. माझं पोट रितं होत होतं आणि जीव त्या डबीत अडकला होता.

तेवढ्यात शेजारच्या करडी गावची रुखमा आपली गाय घेऊन दारात आली. "मॅडम, मले कबऱ्याचं बीज पायजे. इथं ठेवलं हाये म्हनून आयकलं."

"मावशी, जर्सीचं घ्या ना."

"आमची जर्सी उन्हानं धापा टाकून मेली. ही गावठी हाये, इले तसाच जोडा पायजे."

"लय जुनं बीज हाये ते. गाभन राहीनच असं नाही. तुमी तं कबऱ्याले पाह्यलंबी नसन."

"नाही पाह्यलं," रुखमा म्हणाली. "पन कोनीतरी त्याले ठेवून गेलं, म्हंजे मांगून आपन येऊ, असा भरोसा असन ना त्यायले? आपनच नाही आलो तं कसं जमन?"

मॅडमनी हातातली जर्सीची डबी परत माझ्या पोटात सोडली. मग त्यांनी कबऱ्याची डबी आधी उचलली. एक कांडी कोमट पाण्यात, बाकीच्या नव्या जारात. जर्सीच्या काही कांड्या माझ्याच पोटात वाया गेल्या. त्या पुन्हा मागवता येत होत्या, कबऱ्या येणार नव्हता.

मला दवाखान्यामागच्या भंगारात टाकलं. गाय गाभण राहिली की नाही, मला कोण सांगणार? मी नुसता झुरत होतो. अन् थंडी ओसरताना रुखमा वासरू दाखवायला घेऊन आली. तांबूस पाठीवर पांढरे कबरे पट्टे, थेट कबऱ्यासारखे! ते माझ्याजवळ आलं आणि माझ्या फुटक्या अंगावर मान घासू लागलं. सांगतो तुम्हाला, एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

मित्रांनो, जपून ठेवणाऱ्याच्या हातून अर्धंच काम होतं. झोपलेल्याला आपलं आपण उठता येत नाही हो! त्याला हाक मारायला मागून कोणीतरी यावं लागतं. श्यामरावांनी ज्यांची वाट पाहिली, ते मागून येणारे तुम्हीच आहात.