बंबात कधीच न गेलेली होडी

तुमचा विश्वास बसणार नाही, आणि न बसला तर माझे काही अडत नाही. पण ज्या काळी लालबागेत रेडिओवरच्या बातम्या ऐकायला लोक इराण्याच्या दारात ताटकळत, त्या काळी माझ्या पोटात रेडिओ होता. मी एक जुनी शिडाची होडी आहे, मित्रांनो. हातभर लांब, अस्सल सागवानी. या खोलीच्या कोपऱ्यात मी भिंतीला पाठ लावून बसते, ती थकले म्हणून नव्हे. मोठ्यांनी पाठ दाखवू नये, एवढेच. पद्मजे, तो फडका खाली ठेव आणि नीट ऐक. पलीकडे लसूण सोलते आहे ती हिची आजी, कालिंदी. तिच्या उजव्या हाताची बोटे वळत नाहीत. स्टोव्हचा भडका उडाला होता म्हणे. पहिल्यापासूनच धांदरट बाई.

मला घडवले तिच्या वडिलांनी. गुणाजी मूळचा वेंगुर्ल्याचा, गिरणीत सुतारखात्यात होता. मोडक्या खोक्याची फळी त्याने तासून तासून माशासारखी केली. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मोर्च्याहून परत आलेला एक कापडी फलक फाडून दोन शिडे झाली. ‘झालाच पाहिजे’ एवढी अक्षरे माझ्या वाट्याला आली. ‘संयुक्त महाराष्ट्र’ जयवंताच्या होडीने नेला.

हा जयवंत ठाकूरद्वारला रेडिओ दुरुस्त करायचा. माझ्या पोटातले यंत्र त्याचेच. काठावरच्या माणसाने हातातल्या डब्याचे बटण दाबले की माझे सुकाणू उजवीकडे वळे, पुन्हा दाबले की डावीकडे. सुकाणू वळायचे ते पोटात पिळून ठेवलेल्या रबराच्या जोरावर. पीळ संपला की होडी आंधळी.

नारळी पौर्णिमेला गिरणीमागच्या तलावावर शर्यत असे. समोरच्या दगडी भिंतीजवळ पिंप तरंगत असे, त्याला वळसा घालून परत यायचे. वारा असा की काठावरच्या माणसांच्या टोप्या पाण्यात. नियम मात्र त्याहून वाईट. हरलेल्या होडीची डोलकाठी मोडायची, पोटातला रेडिओ काढून घ्यायचा आणि मागच्या बाजूने तिला पेटत्या बंबात खुपसायचे. त्या पाण्याने जिंकणाऱ्याने काठावरच, सगळ्यांदेखत आंघोळ करायची. पाणी हरलेल्याने ओतायचे.

पहिल्या वर्षी मी जयवंताच्या होडीचा वारा अडवला, तिला भिंतीवर आपटू दिले आणि डुलत परत आले. तिच्यासाठी वाईट वाटले का? छे! चांगली वाळलेली होती, तडतडली छान. लोकांनी आरोळी ठोकली, “झालाच पाहिजे!” गुणाजी पाटावर बसून म्हणाला, “अजून एक तांब्यो वत, जयवंता. तुझी होडी बरी जळता हां!”

जयवंत हसला नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी गुणाजी खोकून खोकून मेला. शेवटी त्याने मला अंथरुणावर मागून घेतले. “हिका सांभाळ गो चेडवा,” तो कालिंदीला म्हणाला. “ह्या हातान आता दुसरी होवची नाय.” त्याचा घाम माझ्या रंगाला लागला, मला किळस आली. कालिंदी मात्र मला पदराने पुसत बसली. बापाचे तोंड पुसायचे सोडून.

गेल्या वर्षीच्या विजेत्याला पुन्हा उतरावेच लागे. माघार घेतली तरी बंब होताच. शेजारची सुंदराबाई म्हणाली, “अगो, बापाची तेवढीच वस्तू राहिलीय. लपव कुठेतरी.” पण जयवंत चार माणसे घेऊन दारातच उभा होता, खांद्यावर पंचा टाकून.

“काय कालिंदी, विसणायला गार पाणी ठेवलंस ना गं?”

“आधी तुझी होडी वळसा घालून परत आण,” कालिंदी म्हणाली, “मग बघू कोणाचं पाणी तापतं.”

आता ऐका त्याची खोडी. दोन्ही यंत्रे त्याने रेडिओच्या एकाच लहरीवर लावली होती. त्यामुळे कोणीही बटण दाबले तरी दोन्ही होड्या वळायच्या. कालिंदीने मला उजवीकडे घातले की त्याचीही उजवीकडे. हे तिला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच, की नव्या होडीत त्याने रबर दुहेरी घातले होते. शर्यत सुटली आणि तो नुसता बटण दाबत सुटला. टक, टक, टक. माझे शेपूट डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. पीळ भराभर उलगडत होता.

“अरे, काय करतोस? दोघी बुडतील!” कालिंदी ओरडली.

“माझी नाही बुडत,” जयवंत म्हणाला.

माझा पीळ संपला. वाऱ्याने मला आडवे पाडले, शीड पाण्याला लागले. कालिंदी बटण दाबते आहे, दाबते आहे, आणि मी ढिम्म. दुसरी कोणी असती तर भिंतीवर फुटली असती. पण मी! मी वाऱ्याला म्हटले, बाजूला हो. आणि मित्रांनो, वारा झाला बाजूला! जयवंताचे दुहेरी रबर फाट्‌दिशी तुटले, मी त्याच्या होडीच्या अंगावरून उडी मारली, सुकाणूशिवाय पिंपाला वळसा घातला आणि काठाला लागले. कालिंदी रडत सुटली. आनंदाने, दुसरे काय! लोकांनी मला हिंदमातापर्यंत मिरवले, दुकानांतल्या साड्या माझ्या वाऱ्याने फडफडल्या. पुढे डोलकाठी वाळवीने खाल्ली, शीड उंदरांनी.

तर मित्रांनो, सांगायचे ते इतकेच. जुन्या वस्तूंची निगा राखा. त्यांना वरचेवर पुसा, जवसाचे तेल लावा. मला मात्र पुढूनच पुसा. मागे हात लावायचे कारण नाही. पद्मजे, ऐकतेस ना? अगं, उचलू नकोस! उलटी करू नकोस म्हणते ना!

“आजी, ही बघ! मागून नुसता कोळसा आहे. सुकाणूच नाही हिला!”

कालिंदीने मान वर केली नाही. “ठेव ती जागेवर. बोलू दे तिला.”

“का बोलू दे? ही हरली होती! हिला बंबात घातलं होतं!” पद्मजेने मला पाटावर ठेवले आणि आजीचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. “आणि हा स्टोव्हवर नाही भाजला, आजी. पेटत्या बंबात हात घालून तू हिला बाहेर काढलंस.”