चोवीस नंबरची पट्टी

“मावशी, तो टीव्ही फोडायला घ्या की. कधीच्या बसल्यात त्याच्यासमोर,” सुपरवायझर म्हणाला.

मावशींनी मान वर केली नाही. टीव्हीचं मागचं झाकण उघडून आतल्या हिरव्या सर्किटच्या पट्टीवरची धूळ त्या ब्रशने झटकत होत्या. धुळीखालून एक निळा शिक्का वर आला होता. चोवीस.

भंगाराच्या या शेडमध्ये रोज ढिगांनी सामान येई. मोबाइल, प्रिंटर, कधी तर खोक्यातून न काढलेले कीबोर्डसुद्धा. तांबं एका पिंपात, पट्ट्या दुसऱ्यात, शिसं असलेली काच वेगळी. सहा वर्षांत मावशींना कशाचंच नवल वाटेनासं झालं होतं.

पण ही पट्टी चिमणीची होती.

शेडमध्ये येण्याआधी अठरा वर्षं मावशी टीव्हीच्या कारखान्यात सोल्डरिंग करायच्या. तेवीस नंबरचं टेबल त्यांचं, चोवीस चिमणीचं. जोडून झालेल्या प्रत्येक पट्टीवर जी ती आपल्या टेबलाचा शिक्का मारायची. अंगाने एवढीशी आणि तोंड अखंड चालू, म्हणून चिमणी. सोल्डरच्या धुरात सकाळचं ऊन तिरकं उतरायचं आणि सगळ्या जणी पाण्याखाली बसल्यासारख्या दिसायच्या. संध्याकाळी तपासणीच्या खोलीत चाळीस पडदे एकदम उजळले की चिमणी म्हणायची, “उठली बघ आपली पोरं.”

कारखान्याने माणसं कमी केली, तेव्हा पहिल्या यादीत चिमणी होती. मावशी नव्हत्या. कोणत्या तोंडाने बोलायचं, म्हणून त्या तिला सोडायला गेटपर्यंतही गेल्या नाहीत. दोन वर्षांनी ती वारल्याचंच कानावर आलं.

“साहेब, एकदा लावून बघू?”

“भंगार आहे ते, मावशी.”

“असू दे. जेवणाच्या सुट्टीत बघू.”

सुट्टी झाल्यावर सुपरवायझरने वायर तपासून बटण दाबलं. आधी काहीच नाही. मग काच सावकाश उजळली आणि पडद्यावर मुंग्या धावू लागल्या. डबे हातात घेऊन सगळे भोवती जमले.

“यावर काही लागत नाही. नुसत्या मुंग्या,” वजनकाट्यावरचे काका म्हणाले.

“चालू आहे ना,” मावशी म्हणाल्या.

तो राखाडी उजेड सगळ्यांच्या तोंडांवर हलत होता. मावशी पुढे वाकल्या. “यायला हवं होतं गं मी,” त्या पुटपुटल्या.

“काय म्हणालात?”

“काही नाही.”

सुपरवायझरने वाकून मागच्या पट्टीवरचा, मावशींनी पुसलेला शिक्का पाहिला. “ती पट्टी हवी तर घेऊन जा. मी बघितलं नाही.”

“नको. घरी नेऊन काय करू? तिच्यातलं तांबं कुणाच्या तरी कामाला येईल. काढेन मात्र मीच.”

त्यांनी स्वतः बटण बंद केलं. उजेड चारी बाजूंनी आक्रसत आला आणि मधोमध एक पांढरा ठिपका उरला. अशा यंत्रात लगेच हात घालायचा नसतो, आत वीज शिल्लक असते. हातमोजे मांडीवर ठेवून मावशी तो ठिपका विझेपर्यंत बसून राहिल्या. काकांच्या हातातला घास तसाच हातात होता.